कायम की बदली

अभ्यासवर्गात हा विषय काढला की पोरं गालात हसतात. आपण आरक्षणावर बोलतो, खाजगीकरणावर बोलतो, गायरानावर तासन्‌तास बोलतो. पण आपल्यातलीच एखादी पोरगी सहा-सहा महिने एका माणसाच्या 'बघू'वर लटकून राहते, तिची झोप जाते, अभ्यास जातो आणि शेवटी ती वर्गाला यायचीच बंद होते, त्यावर कुणी तोंड उघडत नाही. म्हणे तो तिचा खाजगी मामला. गावच्या विहिरीवर कोण पाणी भरणार हासुद्धा एके काळी गावाचा खाजगी मामलाच होता.

कुणी म्हणेल, हा बाप्या बायांना शहाणपण शिकवायला निघाला. शिकवत नाही. मी बाप्यांच्या घोळक्यात बसतो. गिरणीत पाळी सुटल्यावर, चहाच्या टपरीवर, लोकलच्या दारात हे लोक पोरींबद्दल काय बोलतात ते माझ्या कानावर पडतं. पोरींच्या कानावर ते पडत नाही. तेवढंच पोचवायचंय. चहाडी म्हणा हवं तर.

माझी मावसबहीण मुरबाडच्या अंगाला राहते. तिकडं रेल्वे नाही. एका रविवारी ती यष्टीने सरळगाव, किन्हवली करत शहापूरला आली, तिथून आसनगाव स्टेशन गाठलं आणि कसारा लोकल धरून खर्डीला उतरली. अर्धा दिवस मोडला तिचा. उतरली ती माझ्या हातात मोबाईल देत म्हणाली, "दादा, तू कविता करतोस. तुला शब्दातलं कळतं. हे सगळं वाच आन सांग मला, याच्या मनात हाय का नाय."

तो म्हणजे एक कार्यकर्ता. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, असे प्रत्येक तालुक्यात दोन-चार सापडतील. बोलायला लागला की मंडप गार. बाईच्या मुक्तीवर तर असा बोलतो की म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसतात.

प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून मी चार महिन्यांचं ते सगळं वाचलं. कविता वाचावी तसं वाचलं. काय आहे ते बघितलं आणि काय नाही तेही बघितलं. पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की त्या माणसानं चार महिन्यांत तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. ती आजारी होती तेव्हा 'काळजी घे', एवढंच. काय झालंय, दवाखान्यात गेलीस का, काही नाही. तिच्या परीक्षेचा निकाल लागला, तिनं कळवलं, त्यानं अंगठा पाठवला. अंगठा! आपल्या बापजाद्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठे दिले ते निदान लिहिता येत नव्हतं म्हणून.

दुसरी गोष्ट, वेळ. त्याचं बोलणं रात्री अकराच्या पुढचं. दिवसा तिनं काही लिहिलं तर दोन निळ्या खुणा उमटायच्या आणि पुढं सामसूम. निळा रंग आपला खरा, पण हा निळा म्हणजे 'वाचलंय, उत्तर द्यायची गरज वाटत नाही' असा. आमच्याकडं रातपाळीला एक जण उघड बोलतो, की कोणीच जागं नसलं की हिला एक टाकून ठेवायचा, टाइमपास होतो. हा शब्द तो लाजत उच्चारत नाही. तंबाखू मळता मळता उच्चारतो.

आणि तिसरी गोष्ट व्याकरणाची. मी शाळेत नववीपर्यंत, व्याकरण नंतर वाचनालयातल्या पुस्तकातून शिकलो, त्यामुळं ते मला जरा जास्तच दिसतं. या माणसाच्या सगळ्या वाक्यांत करणारा गायब. 'बघू.' 'जमवू.' 'होईल काहीतरी.' 'वेळ आली की बोलू.' कोण बघणार? कुठला वार? किती वाजता? आपल्या मराठीत 'बघू' हा फार सोयीचा शब्द आहे. मुकादम पगारवाढीला 'बघू' म्हणतो, तलाठी सातबाऱ्याला 'बघू' म्हणतो. त्यांच्या तोंडचा 'बघू' म्हणजे नाही, हे आपल्या अडाणी म्हातारीलाही कळतं. मग तोच शब्द प्रेमाच्या माणसाच्या तोंडून आला की शिकलेल्या पोरीला त्यात 'हो' कसा ऐकू येतो?

याला कारण आहे. वाट बघायची सवय आपल्या अंगात मुरलेली आहे. आमचा शहापूर तालुका म्हणजे धरणांचा तालुका. तानसा तलावाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं, भातसाचंही तिकडंच जातं, आणि उन्हाळा आला की आमच्या पाड्यांवरच्या बाया हंडे रांगेला लावून टँकरची वाट बघत बसतात. येणार, येणार. दुपार होते, हंडे तापतात. आईला टँकरसाठी तशी बसलेली बघत जी पोरगी मोठी झाली, तिला माणसाची वाट बघणं वावगं वाटत नाही. उलट जास्त वाट बघणं म्हणजे जास्त प्रेम, असा हिशेब तिच्या डोक्यात बसतो.

आता बदलीचं सांगतो, कारण बहिणीला मी तेच सांगितलं. माझा आजा मुंबईत एका गिरणीत त्रासनखात्यात बदली होता. बदली म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. गिरणीत काही कामगार कायम, त्यांची जागा ठरलेली. बाकीचे बदली. रोज पाळीच्या वेळेला गेटवर जाऊन उभं राहायचं. कायमवाला कुणी खाडा केला तर आत बोलावणं. नाही केला तर मागं फिरा, त्या दिवसाची मजुरी नाही. आणि उद्या पुन्हा यायचंच, आला नाहीत तर नाव खाली जाणार. अशी वर्षं गेली आजाची. जॉबर त्याला कधी 'नाही' म्हणाला नाही. 'पुढं बघू तुझं' असंच म्हणायचा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या पाठीमागं संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडला, त्यानंतर कायमवाल्यांचेच हाल कुत्रं खाईना, बदलीवाल्याला कोण विचारतो. आजा खर्डीला परत आला तो खोकला घेऊन.

कितीतरी बाप्ये पोरीला असंच बदलीवर ठेवतात. काढून टाकत नाहीत आणि कायमही करत नाहीत. दुसरीकडं कुठं खाडा पडला की हिला हाक. हाक आली की ही खूश, आज काम मिळालं म्हणून. गेटवर उभं राहून राहून तिला वाटायला लागतं की आपण या गिरणीतच आहोत. नाही बाय, तू गेटच्या बाहेर आहेस.

पण एक गोष्ट सरळ करून घेतो, नाहीतर गरिबाच्या पोरावर अन्याय होईल. वेळ न मिळणं आणि मन नसणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आमच्यासारख्याला तीन पाळ्या, खाडा केला की पैसे कापतात. एखादा महिना महिना भेटू शकत नाही. भेटायला शंभर रुपये लागतात, ते नसतात. फुलं, हॉटेल, सिनेमा हे सगळं बघून माणसाचं मन ओळखायचं ठरवलं तर फक्त पैसेवाल्यांचंच मन खरं ठरेल. आजी सांगते, आजा लग्नाआधी सुट्टीच्या दिवशी पॅसेंजरनं खर्डीला उतरायचा, भर पावसात दोन कोस चालत तिच्या पाड्यावर यायचा, तिच्या बापाशी भाताच्या आवणीवर बोलायचा आणि तिच्याशी एक शब्द न बोलता परत जायचा. लिहिता येत नव्हतं. फूल दिलं नाही. पण आजीला शंका म्हणून कधी आली नाही. ज्याला खरंच सुट्टी नाही तो तसं सांगतो. 'या आठवड्यात रातपाळी आहे, मंगळवारी पाळी बदलते, मंगळवारी येतो' असं म्हणतो. त्याच्या वाक्यात वार असतो. आणि मंगळवारी नाही जमलं तर सोमवारी रात्रीच त्याचा निरोप आलेला असतो.

आता सगळ्यात मोठी पळवाट: चळवळ. 'मला वैयक्तिक आयुष्य नाही, मी समाजाला वाहून घेतलंय.' आणि वर दाखला कुणाचा? बाबासाहेबांचा. रमाईला तरी बाबासाहेबांचा सहवास कुठं मिळाला, असं हे लोक पोरींना सुनावतात. बहिणीच्या मोबाईलमध्ये हेही होतं. ते वाचून माझं डोकं फिरलं.

अरे, बाबासाहेबांनी काय लिहिलंय ते तरी वाचा. १९२८ साली 'बहिष्कृत भारता'त त्यांनी स्वतः लिहिलं, की आपण परदेशात असताना जिनं प्रपंच ओढला, जिनं डोक्यावरून शेणाचे भारे वाहिले, तिच्या सहवासात दिवसाचा अर्धा तासही घालवता आला नाही. हे बढाई म्हणून लिहिलेलं नाही. छापून, चारचौघांसमोर, जगाला दाखवून लिहिलेलं हे कर्ज आहे. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या, त्यानंतर पाकिस्तानवरचा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. ज्या बाईला वेळ देता आला नाही तिचं नाव त्या माणसानं कधी लपवलं नाही. आणि तुमचा हा क्रांतिकारक! याच्या चार दोस्तांना पोरीचं नाव माहीत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला ती रांगेत चार हातांवर दिसली तर हा तोंड फिरवून घोषणा द्यायला लागतो. बाबासाहेबांची बरोबरी करायची तर त्या कर्जाची करा की.

आणि त्याच बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बायांना सांगितलं होतं, लग्नाची घाई करू नका, आणि केलंत तर नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभ्या राहा, दासी होऊ नका. हे भाषण त्या कार्यकर्त्याला तोंडपाठ आहे. मी स्वतः ऐकलंय त्याच्या तोंडून, माईकवर.

बहिणीनं पुढं काय केलं ते सांगतो. तिनं मला काही विचारलं नाही. घरी गेली, दोन दिवस गप्प होती, मग त्याला सरळ विचारलं: येत्या रविवारी माझ्या घरी ये, आईला भेट, येणार का नाही तेवढं सांग. त्याचं उत्तर आलं भलं लांब. चार महिन्यांतलं सगळ्यात लांब. सार एवढंच, की एवढी घाई कशाला, आपण चळवळीतली माणसं, लग्न ही बुर्झ्वा कल्पना आहे. तिनं मला फोन लावला.

"दादा, बुर्झ्वा म्हंजे काय रं?"

मी माझ्या परीनं सांगितलं. भांडवलदार, शेठजी, त्यांचे रीतिरिवाज.

"मंग मागच्या साली यानं बहिणीचं लगीन लावलं, मांडव घातला, पाचशे पानं उठवली, ती कुणाची कल्पना व्हती?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिलाही नको होतं. तिनं लिहायचं थांबवलं, आणि तिनं थांबवलं तसं ते थांबलंच. तिकडून 'का गं, काय झालं' असं एकदाही आलं नाही. तीन आठवड्यांनी एक जयंतीचं पोस्टर आलं, सगळ्यांना पाठवलेलं. त्यात तीही होती.

जातीबाहेरचं प्रकरण असलं की हे ओळखणं आणखी अवघड होतं. तिथं भीती खरी असते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात खर्डा म्हणून गाव आहे. आमची खर्डी, त्यांचं खर्डा, एका काना-वेलांटीचा फरक. तिथं २८ एप्रिल २०१४ ला नितीन आगे या आपल्या सतरा वर्षांच्या पोराला सवर्ण मुलीशी बोलतो म्हणून ठार मारलं. २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. हे माहीत असलेला आपला एखादा पोरगा दुसऱ्या जातीच्या पोरीपासून मागं सरत असेल तर त्याला मन नाही असं मी म्हणणार नाही. त्याच्या मानेवर काय टेकलंय ते त्याला ठाऊक. पण घाबरलेला माणूस भीती सांगतो, 'मला भीती वाटते, तुला नाही का वाटत' असं विचारतो. शहर सोडायचं का, नोकरी कुठं बघायची, असल्या गोष्टी बोलतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली अर्ज कुठं द्यायचा, नोटिशीचे तीस दिवस कुठं काढायचे, हे त्यानं शोधून ठेवलेलं असतं. मन नसलेला माणूस कायद्याचं नावही काढत नाही. तो फक्त सुस्कारा टाकतो: 'घरचे ऐकणार नाहीत.' दर खेपेला तेवढंच, नवीन काही नाही.

हा सुस्कारा किती महागात पडतो, त्याचा एक निकाल आहे. पोरींनी तो समजून घ्यावा, वकिलांवर सोडू नये. २१ ऑगस्ट २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातलंच एक प्रकरण निकालात काढलं. बाई अनुसूचित जातीची, शिकलेली, नोकरी करणारी. माणूस वेगळ्या जातीचा. वर्षानुवर्षांची ओळख, लग्नाचं वचन, शरीरसंबंध. २०१४ मध्ये त्यानं जातीची अडचण पुढं केली, भांडणं झाली, तरी संबंध चालू राहिले. २०१६ मध्ये तो दुसऱ्याच मुलीशी लग्न करतोय हे कळलं तेव्हा तिनं बलात्काराची फिर्याद दिली. कोर्टानं फिर्याद रद्द केली. कोर्टाचं म्हणणं असं, की वचन देतानाच ते खोटं असेल तर गुन्हा, पण आधी दिलेलं वचन नंतर मोडलं तर तो गुन्हा नव्हे. आणि लग्नात अडथळे आहेत हे बाईला २००८ पासून माहीत होतं. त्यानं मोबाईलवर जातीवरून लिहिलेलं होतं, तिथंही ॲट्रॉसिटी लागली नाही, कारण मजकूर २०१५ चा आणि सुधारित कलमं २६ जानेवारी २०१६ पासूनची.

निकाल बरोबर की चूक यावर भांडायला मी तयार आहे, आपल्या वकील मंडळींनी भांडावंच. पण त्यातला एक धडा कागदावरचा आहे. ज्या दिवशी तो 'जात आडवी येते' असं म्हणाला, त्या दिवशी तिला वाटलं तो आपलं दुःख सांगतोय. कोर्टानं त्यातून वाचलं, की हिला माहीत होतं. तिच्या कानाला ती कण्ह वाटली, कायद्याच्या कानाला ती पूर्वसूचना. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ६९ वं कलम आलंय. पाळायचा हेतूच नसताना लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. कलम आलं हे खरं, पण हेतू सिद्ध करायचं ओझं पुन्हा आहेच. आणि 'बघू' म्हणणाऱ्यानं तर वचनच दिलेलं नसतं. कोर्टात काय दाखवणार, दोन निळ्या खुणा?

आता पोरांना दोन शब्द. मन नसणं हा गुन्हा नाही. कुणावर मन बसावं हे कुणाच्या हातात नसतं, आणि चळवळीतली म्हणून, जातीची म्हणून, तिनं आपल्यासाठी भाकरी बांधून आणली म्हणून 'हो' म्हणायचं काही कारण नाही. आमच्यातलाच एक, खात्यात माझ्या शेजारी उभा राहणारा, फार बोलता न येणारा. त्याच्यावर एका पोरीचं मन होतं. त्याला कळलं तसा तो सुट्टीच्या दिवशी गेला, तिच्या भावाच्या देखत अंगणात बसला आणि म्हणाला, "तू चांगली हायस. माझ्या मनात तसं नाय. तुला लटकवत ठेवायचं नाय म्हणून आलोय." त्याला घाम फुटला होता म्हणे. ती रडली, त्याला शिव्या दिल्या, चार दिवस जेवली नाही. पण पुढच्या महिन्यात ती अभ्यासवर्गाला हजर होती आणि तोही. दोघं एकाच सतरंजीवर बसले होते.

माझ्या बहिणीच्या प्रकरणातला वक्ताही आहे अजून चळवळीत, भाषणं चालू आहेत. बहीण मात्र त्याच्या सभेला जात नाही, आणि तिच्याबरोबर तिच्या पाड्यावरच्या आणखी तिघी जायच्या बंद झाल्या. संघटनेत बाया का टिकत नाहीत, असा ठराव मागच्या बैठकीत पुन्हा चर्चेला आला होता. कारणं लिहून घेतली: शिक्षणाचा अभाव, घरची बंधनं, प्रवासाची अडचण. मी हात वर केला. वेळ संपली होती.

म्हणून या महिन्याच्या शेवटच्या रविवारी खर्डीच्या विहारात नुसती याच विषयावर बैठक ठेवलीय, सकाळी अकराला. बोलणार बाया. बहीणही बोलणार आहे, ती मुरबाडहून दोन गाड्या बदलून येतेय. पोरांनी ऐकायचं, चहा करायचा आणि पातेली त्यांनीच घासायची. कोण कोण येणार ते शुक्रवारपर्यंत कळवा, दूध त्या हिशेबानं घ्यायचंय. 'बघू' असं कळवलंत तर तुमचं दूध घेणार नाही.